मथूबाईंचा क्ष

“माहीत नाही” असं म्हणताना माणसाचा आवाज जरा खाली येतो. डोळे दुसरीकडे वळतात आणि पाठोपाठ “पण बहुतेक…” असं काहीतरी येतंच. आमच्या मथूबाई निगडीकर मात्र “माहीत नाही” हे दुसऱ्या कोणी आपलं नाव सांगावं तसं सांगायच्या. समोर बघून, पुऱ्या आवाजात, पुढे काही न जोडता. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांना विचारलं की यंदा बीजगणितात किती मुली पास होतील. मथूबाई म्हणाल्या, माहीत नाही. साहेब हसून म्हणाले, साधारण आकडा सांगा. त्यावर बाईंनी सांगितलं की साधारण माहीत असता तर तोही सांगितला असता. हेडबाईंचा चेहरा उतरला आणि मी मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसले.

मी त्या शाळेत शिवण आणि मराठी शिकवायची. शाळा मुलींची, सांगलीच्या गावभागातली. लढाई चालू होती, साखर आणि रॉकेल रेशनवर मिळत होतं, आणि आसपासच्या खेड्यांतून शिकायला येऊन राहिलेल्या मुलींच्या घरचं कोणी ना कोणी पलटणीत होतं. माझं आणि गणिताचं कधी जमलं नाही. पोलक्याचं माप मी डोळे मिटून घेईन, पण तेच माप कागदावर भागाकार होऊन आलं की मला घाम फुटतो. तरी मथूबाईंचा तास मी वर्षानुवर्षं ऐकला, कारण माझी शिवणाची खोली आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये फक्त एक लाकडी पडदी होती आणि त्यांचा आवाज पडदीला जुमानणारा नव्हता.

दिसायला त्या उंच, हाडापेराने मोठ्या. नऊवारी लुगडं घोट्याच्या जरा वरच नेसलेलं, कारण चालणं झपाझप. उन्हाळा असो की हिवाळा, काखेत काळी छत्री. वह्या तपासताना शेजारी भाजलेल्या शेंगांचा डबा, आणि तपासलेल्या वहीत दोनचार टरफलं हमखास. कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या कुंकवाबद्दल गावात जेवढं बोललं जाई तेवढं लढाईबद्दलही बोललं जात नसेल.

कारण बाईंचे यजमान बेपत्ता होते. सासर साताऱ्याचं. लग्नाला चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा ते एका नाटक मंडळीत पेटी वाजवायला म्हणून गेले. मंडळी वऱ्हाडात गेली, तिथून खानदेशात, आणि पुढे कुठेतरी मोडली. नट परतले, पडदे ओढणारा परतला, यजमान परतले नाहीत. मूलबाळ नव्हतं. भावाने जमेल तिथे चौकशी केली, काही हाती लागलं नाही. मथूबाई माहेरच्या आधाराने शिकल्या, सांगलीला नोकरीला आल्या, आणि एका म्हाताऱ्या आत्याला घेऊन दोन खोल्यांत राहू लागल्या. हळदीकुंकवाला कोणी खोचकपणे विचारलं की यजमान कुठे असतात, तर त्या नेहमीच्या आवाजात सांगायच्या, माहीत नाही.

गावात यावर दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, त्याने दुसरं घर केलंय आणि ही झाकून ठेवतेय. दुसऱ्याचं म्हणणं, बिचारी वेडी आशा धरून बसली आहे. मी दुसऱ्या पक्षाची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा मी त्यांना म्हटलं की येतील हो एक दिवस. मथूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि मला विचारलं, “कुसुम, येतील असं मी कधी म्हटलं होतं?” मग त्यांनी ती शेंग फोडून अर्धी मला दिली.

बीजगणिताचा वर्ग त्यांनी भांडून मिळवलेला होता. त्या काळी मॅट्रिकला मुलींना गणिताऐवजी दुसरा सोपा विषय घेण्याची मुभा होती, आणि शाळेची चालक मंडळी म्हणायची की सोपं सोडून अवघड कशाला. एका सभासदाने विचारलं की पोळ्या लाटताना क्ष कुठे लागतो. बाईंनी त्याला विचारलं की पोळ्या खाताना तुम्हाला संस्कृत कुठे लागतं. शेवटी मूठभर मुलींचा वर्ग सुरू झाला, तोही अशा बोलीवर की पालकांची तक्रार आली तर बंद होईल.

त्या वर्गात पलूसजवळच्या एका गावची शेवंता होती. वडील पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, घरची उसाची शेती. मुलगी हुशार, पण क्षपाशी येऊन अडली. एके दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, क्ष अधिक पाच बरोबर बारा. मुलींनी क्ष काढला, सात आला, सगळ्या खूश. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, क्ष अधिक पाच बरोबर सतरा. बाई बोलायच्या आधीच मुलींनी पाट्यांवर सात लिहून टाकला. दोघीतिघींनी तर सात आणि पाच सतरा असंही लिहिलं, कारण बाई चुकीचं कशाला लिहितील. शेवंता तेवढी उभी राहिली.

“बाई, काल तर क्ष सात हुता. आज बदाललं व्हय?”

शिवणाचं यंत्र थांबवून मी पडदीला कान लावला. मला स्वतःला हीच शंका शाळेत असताना आली होती आणि विचारल्याबद्दल मी छडी खाल्ली होती. मथूबाईंनी छडी नाही उचलली. त्यांनी विचारलं की शेवंते, तुझी आई तुझ्या वडिलांना काय म्हणते. वर्गात खुसखुस झाली. शेवंता म्हणाली, धनी म्हणती. नावाने? नाव कसं घेईल, बाई. आणि तुझी मावशी, जिच्याकडे तू इथे राहतेस, ती? ती बी धनीच म्हणती. मग तुझ्या आईचे धनी आणि मावशीचे धनी एकच का, असं बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, आणि सगळा वर्ग हसून हसून वाकला.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “घर बदललं की माणूस वेगळा. शब्द तोच. पण एका घरात तो माणूस एकच असतो, दोन नसतात. आणि कोण आहे हे शब्दाकडे बघून कळत नाही, घराकडे बघून कळतं. क्षला सोडा. त्याच्या आजूबाजूला कोण बसलंय ते बघा.”

मुलींना ते असं पटलं की मधल्या सुट्टीत त्या एकमेकींना विचारू लागल्या, तुझ्या घरचा क्ष किती वाजता येतो गं. मलाही त्या दिवशी प्रथमच क्ष समजला. घरी जाऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं की तुम्ही क्ष आहात. ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला.

बाईंची आणखी एक तऱ्हा होती, आणि ती मला अनुभवानेच कळली. मला दिवस गेले तेव्हा शाळेतल्या सगळ्या बायका माझ्या चालण्यावरून, खाण्यावरून अंदाज बांधत होत्या. कोणी म्हणे मुलगा, कोणी म्हणे मुलगी. मीही रोज एका बाजूला झुके. मथूबाई कशातच नसायच्या. एकदा मीच त्यांना छेडलं की तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या की वाटण्याचा संबंध नाही, जे आहे ते आत्ताच ठरलेलं आहे, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. मी म्हटलं, मग आपण काय करायचं? त्या म्हणाल्या, तू दूध पी. त्या उत्तराने मला कितीतरी हलकं वाटलं, कारण घरात सासूबाईंनी मुलगाच होणार म्हणून ठरवून टाकलं होतं आणि मी मनातून घाबरले होते. मुलगी झाली. बाईंनी तिला टोपडं आणलं. ते त्यांनी आधीच विणून ठेवलेलं होतं, आणि मुलगा झाला असता तरी तेच चाललं असतं.

बाई चिडलेल्या मी एकदाच पाहिल्या. एका मुलीने उदाहरण न सोडवता क्षच्या जागी शून्य घातलं आणि पुढचं सगळं त्यावर रचलं. बाईंनी कारण विचारलं तर ती म्हणाली, क्ष माहीत नाही ना, मग शून्यच धरला. पडदीच्या अलीकडे माझी सुई थांबली. बाईंचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, “माहीत नाही म्हणजे नाही, असं तुला कोणी सांगितलं? शून्य हे उत्तर आहे. तेही काढावं लागतं.” मुलगी रडायला लागली. तास संपल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या, चिंध्यांच्या पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, साताऱ्याहून दीर आलेत.

दीर आले होते ते पालाशविधीचं ठरवायला. माणूस परागंदा होऊन बारा वर्षं उलटली आणि काही खबर नसली तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाच्या नावाने अग्नी देतात आणि पुढचं सगळं करतात. त्या दिवसापासून तो माणूस गेला असं धरायचं, आणि बायकोने कुंकू पुसायचं. दिरांचं म्हणणं असं की आई थकली आहे, तिच्या डोळ्यांदेखत हे झालेलं बरं. तुम्हीही एकदाच्या मोकळ्या व्हाल, असं त्यांनी वर सांगितलं. मोकळ्या हा शब्द बाईंनी मला दोनदा सांगितला.

त्या साताऱ्याला गेल्या. पुढचं मला त्यांच्याकडून तुटक तुटक कळलं. सासू अंथरुणावर होती. तिला एकच घोर, मुलाला पाणी मिळालं नाही तर तो अडकून राहील. बाई तिच्या उशाशी बसल्या, तिचे पाय चेपले, आणि तिला सांगितलं की तुम्ही आई आहात, तुम्हाला करावंसं वाटतं तर करा, मी अडवणार नाही. पण माझं कपाळ मी आहे तसं ठेवणार. सासू त्यांचा हात धरून राहिली. दीर मात्र खवळले. विधी एकीकडे आणि बायको कुंकू लावून दुसरीकडे, हे कुठल्या शास्त्रात बसतं? बाई म्हणाल्या, शास्त्राचं मला माहीत नाही. संगम माहुलीला नदीकाठी पुतळ्याला अग्नी दिला गेला, त्या वेळी बाई सासूजवळ घरी बसून होत्या. सोमवारी त्या सांगलीला शाळेत हजर झाल्या, कुंकवासकट.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आठवड्याभरात दोन पालकांनी चालकांना भेटून सांगितलं की नवऱ्याचं सगळं करून झाल्यावरही जी बाई कुंकू लावते तिच्या हाताखाली आमच्या मुली शिकणार नाहीत. बीजगणिताच्या वर्गाची बोली सगळ्यांच्या लक्षात होतीच. अध्यक्ष वकील होते, तसे भले गृहस्थ. त्यांनी बाईंना आणि सोबतीला मला बोलावून घेतलं आणि फार सौजन्याने मांडलं की तुम्ही काय ते एक ठरवा. कुंकू पुसून आलात तरी तुमची नोकरी तशीच राहील, वर्ग तसाच राहील, कोणी अवाक्षर काढणार नाही. नाहीतर वर्ग बंद करावा लागेल, आणि मग तुम्हाला ठेवायचं कशासाठी असाही प्रश्न निघेल. तेव्हा कोणतं तरी एक उत्तर द्या.

मथूबाई म्हणाल्या, “उत्तर असतं तर तुम्ही मागायच्या आधी दिलं असतं. ते जिवंत आहेत असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. जे माहीत नाही ते कपाळावरून पुसून कसं दाखवू?”

वकीलसाहेबांनी त्यांना विचार करायला पुढच्या सभेपर्यंत मुदत दिली. येताना वाटेत मी बाईंची पुष्कळ समजूत घातली. मुलींचं वर्ष वाया जाईल, शेवंता परत गावाला जाईल, एक टिकली ती काय. त्या वेळी मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं. बाई छत्री टेकत चालत राहिल्या. वर्ग गेला तर मला फार वाईट वाटेल, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तसलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

सभेच्या दिवशी शेवंताचे वडील आले. बोलावलं कोणी नव्हतं. खाकी कोट, डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्या. त्यांनी दारातच कडक सलाम ठोकला, त्यामुळे त्यांना बाहेर थांबा म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. मी कागदपत्रं आणून देण्याच्या मिषाने आत होते. सुभेदार बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले.

“साहेब, माजा थोरला बर्मात गेला. सरकार म्हनतंय बेपत्ता. मेला म्हनत न्हाई, जिता हाय बी म्हनत न्हाई. घरात सून हाय, पोरच हाय अजून. भावकी रोज इचारती, सुभेदार, हिचं काय धरायचं? मला काय सांगावं कळंना. मग माजी लेक साळंतनं शिकून आली, म्हनली, बाई सांगत्यात, म्हाईत न्हाई म्हंजी न्हाई असं न्हवं. तवापास्नं मी भावकीला त्येच सांगतुया. आता तुमी शिकल्याली मानसं. तुमी बाईंचं कुकू पुसाया लावलं, तर उद्या लोक माज्या दारात येत्याल आन् म्हनत्याल, सांगलीच्या वकिलांनी निकाल दिला.”

एवढं बोलून त्यांनी परत सलाम केला. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं, आणि हा विषय पुढच्या सभेत घेऊ असं जाहीर केलं. आमच्या चालक मंडळींच्या पुष्कळ गोष्टी पुढच्या सभेत जाऊन मेल्या होत्या, तशी हीदेखील मेली. वर्ग चालू राहिला. तक्रार करणाऱ्या दोघांपैकी एकाने मुलगी काढून घेतली, दुसऱ्याची मुलगी रडून परत आली.

त्याच वर्षीच्या थंडीत मिरजेला उरुसाच्या गाण्याला आमचे हे गेले होते. त्यांना गाण्याचं वेड. परत आल्यावर त्यांनी सहज सांगितलं की एक म्हातारा तबलजी भेटला, पूर्वी नाटक मंडळीत होता, आणि तो साताऱ्याच्या कोणा पेटीवाल्याची आठवण काढत होता. खंडव्याला पटकीने गेला बिचारा, असं म्हणत होता. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी बाईंना सांगितलं. त्यांनी पुढचे तास माझ्यावर सोपवायला हेडबाईंना सांगितलं, मग विचार बदलला, मलाच बरोबर घेतलं, आणि आम्ही टांग्याने मिरजेला गेलो.

तबलजी एका ओळखीच्यांच्या ओसरीवर टेकला होता. आपण कोण हे बाईंनी सांगितलं नाही. चौकशीला आलो एवढंच म्हणाल्या. मी तिथे बसून जे पाहिलं ते मला अजून दिसतं. मुलीने उत्तर काढलं की बाई तिला ताळा पाहायला लावायच्या, म्हणजे आलेलं उत्तर क्षच्या जागी घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का बघायचं. तोच ताळा त्या पाहत होत्या. पेटीवाले बसायचे कसे? डावा पाय पुढे सोडून, म्हातारा म्हणाला. चहा? गार झाल्यावर, तरी फुंकून. बाईंनी विचारलं, हनुवटीवर जखमेची खूण होती ना? म्हातारा म्हणाला, नाही बाई, हनुवटीवर काही नव्हतं, खूण होती ती डाव्या भुवईत. बाईंनी मुद्दामच चुकीचं विचारलं होतं. मग त्यांनी विचारलं की हे कधी झालं. मंडळी मोडली त्याच उन्हाळ्यात. चौघांनी मिळून अग्नी दिला. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, गाव सातारा एवढंच ठाऊक, कळवायचं कोणाला?

बाईंनी त्याला हात जोडले. अग्नी दिलात, फार उपकार झाले, असं म्हणाल्या, तेव्हा त्या म्हाताऱ्याला उमगलं आणि तो उठून उभा राहिला.

परत येताना सांगलीत घाटापाशी त्यांनी टांगा थांबवला. ऊन होतं, घाटावर बायका धुणी धूत होत्या. बाई पायऱ्या उतरून गेल्या, पाण्याशी वाकल्या, आणि वर आल्या तेव्हा कपाळावर काही नव्हतं. इतका चेहरामोहरा बदलेल असं मला वाटलं नव्हतं. मी टांग्यातच रडायला लागले. मथूबाई माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या की मलाही रडायचंय, पण इतक्या वर्षांचं एकदम कसं रडतात ते कळत नाही. मला त्यांचा रागच आला. मी म्हटलं, म्हणजे दीर म्हणत होते तेच खरं निघालं, एवढं भांडलात ते फुकटच गेलं की.

“उत्तर जुळलं म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही, कुसुम,” त्या म्हणाल्या. “नुसत्या उत्तराला मी कोणाला गुण दिलेत का कधी?”

नंतर त्या रडल्या, पण ते घरी, आत्याच्या मांडीवर. मला आत्यानेच सांगितलं.

गावाला अर्थातच आनंद झाला. आम्ही म्हणत नव्हतो का, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. बाई दुसऱ्या दिवशी वर्गावर गेल्या. बाईंनी नेहमीसारखं शिकवलं. सुट्टीत शेवंता माझ्या खोलीत येऊन चिंध्यांच्या पेटीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागली. मला वाटलं, बाईंसाठी रडतेय. तसं नव्हतं. गावात बातमी गेली होती, आणि भावकीतल्या बायका तिच्या वहिनीला, पारूला, म्हणत होत्या की सांगलीच्या बाईंनी बी पुसलं शेवटी, आता तू कशापायी बसलीयास. मी ते मथूबाईंना सांगितलं. त्या रविवारी आम्ही दोघी भिलवडी स्टेशनावर उतरलो. पुढे सुभेदारांनी बैलगाडी पाठवली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या ह्यांची बदली झाली आणि मी सांगली सोडली. मथूबाई पुढे पुष्कळ वर्षं शिकवत होत्या असं ऐकलं, पण माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या त्या रविवारच्या.

सुभेदारांचं घर मळ्यातच होतं. सोप्यावर घोंगडं टाकलेलं, आत चुलीवर गुळाचा चहा उकळत होता. सुभेदारीणबाई पाणी घेऊन आल्या आणि बाईंचं कपाळ बघून त्यांचे डोळे भरले. पारू आतल्या दाराआड उभी होती. बाईंनी तिला बाहेर बोलावून समोर बसवलं. अठराएकोणीस वर्षांची असेल, सावळी, हाताला शेणाचा वास, मान वर करत नव्हती. शेजारपाजारच्या दोघीतिघी सोप्याचे खांब धरून उभ्या राहिल्या होत्या, आणि बाई त्यांनाही ऐकू जाईल अशाच बोलत होत्या.

“पारू, मला खबर मिळाली. पाहिलेल्या माणसाने सांगितली, मी उलटसुलट विचारून घेतली, म्हणून मी पुसलं. तुझ्याकडे अशी काही खबर आली आहे का?”

“न्हाई जी.”

“मग माझं उत्तर तुझ्या पाटीवर कोणाला लिहू देऊ नकोस. तुझं गणित वेगळं आहे. ते येतील असं मी तुला सांगणार नाही, मला माहीत नाही. येणार नाहीत असं सांगणाऱ्यांनाही माहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढ्यावर उभी राहा. फार जड जाईल. मला जड गेलं.”

पारूने मान हलवली. चहा झाला, ऊस खाऊन झाला, गाडी जुंपली गेली. निघताना घरात आलेल्या बाईला कुंकू लावायची रीत. सवयीने पारू आतून करंडा घेऊन आली आणि सोप्याच्या मधोमध एकदम थांबली. शेजारणींपैकी एकीने जीभ चावली. मथूबाईंनी हसून हात आडवा केला, म्हणाल्या, मला नको गं आता. मला वाटलं, पोर मागे फिरेल. ती फिरली नाही. करंडा पुढे धरूनच म्हणाली, “तुमास्नी न्हाई, बाई. मला लावा तुमी.”

शेजारणी पुटपुटल्या. विधवेच्या हातचं कुंकू, आणि तेही जिचा नवरा लढाईत हरवलेला तिला. मथूबाई मागे सरल्या. त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार बैलांच्या जवळ उभे होते, त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मग सुभेदारीणबाई पुढे आल्या. त्या रडत होत्या. त्यांनी सुनेचा डोक्यावरचा पदर दोन बोटं मागे सारला आणि तिचं कपाळ मोकळं करून धरलं. मथूबाईंनी छत्री माझ्या हातात दिली, बोट कुंकवात बुडवलं, आणि पारूच्या सकाळच्या कुंकवावर नवं लावलं, चांगलं मोठं, रस्त्यावरून दिसेल असं.